विम्बल्डनचा १९१९ चा अंतिम सामना

संपादक महोदय,

विम्बल्डनच्या दिवसांत आपल्या क्रीडापानावर जुन्या विजेत्यांच्या आठवणी येतात, पण डोरोथिया लँबर्ट चेंबर्स यांचे नाव त्यात सहसा दिसत नाही. १९०३ ते १९१४ या काळात त्यांनी महिला एकेरीचे विजेतेपद सात वेळा पटकावले आणि १९११ चा अंतिम सामना तर ६-०, ६-० असा एकतर्फी जिंकला. त्या काळी गतविजेती थेट अंतिम सामन्यातच उतरत असे. ही पद्धत मला तरी न्याय्य वाटत नाही, आणि १९२२ मध्ये ती बंद झाली हे बरेच झाले.

तरीही त्यांचा मोठेपणा मला १९१९ च्या पराभवातच अधिक जाणवतो. महायुद्धामुळे चार वर्षे स्पर्धाच झाली नव्हती. दोन मुलांची आई असलेल्या, चाळिशीतल्या चेंबर्स पायघोळ झग्यात खेळल्या. समोर वीस वर्षांची सुझान लेंग्लेन होती. दोनदा विजय एका गुणावर आला असताना तो निसटला आणि १०-८, ४-६, ९-७ अशी त्यांची हार झाली.

आमच्याकडे कबड्डी-खो-खो गाजवणाऱ्या पोरी लग्न ठरले की मैदानावर दिसेनाशा होतात. ही हकिकत आपण सविस्तर छापल्यास शाळेच्या फलकावर लावता येईल.

– एक क्रीडाशिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ