पोटरी न चोळणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमची फिजिओथेरपीची फी तेव्हाच्या तेव्हा दिली होती, त्यामुळे आपला हिशेब मिटला असं तुम्ही म्हणाल. पण पांझरेच्या काठाने पहाटे धावणाऱ्या आमच्या टोळक्याला ते मान्य नाही. आभाराचं काम माझ्याकडे आलं, कारण सगळ्यांत जास्त पोटऱ्या माझ्याच रडल्या. आणि पत्र उघडं लिहितोय, म्हणजे चौथ्या-पाचव्या किलोमीटरला चमक भरणाऱ्या बाकीच्या धुळेकरांनाही ते वाचता येईल.

माझं दुखणं लबाड होतं. पंधरा दिवस आराम केला की गायब. चालताना काही नाही, जिना चढताना काही नाही. धावायला लागलो की थोडे दिवस मजेत जायचे आणि मग एखाद्या सकाळी पोटरीत खोलवर काहीतरी आवळायचं, की लंगडत घरी. यावर इलाज मात्र गावभर होते. कुणी म्हणे शिरेवर शीर चढली, कुणी म्हणे वात, कुणी म्हणे मीठ कमी पडतंय. निर्गुडीचा पाला झाला, स्प्रे झाला, पट्टा झाला. आमच्या मावशीने तर “कोठे दुखस रे भाऊ?” म्हणत अंगठ्याने अशी पोटरी रगडली, की मूळ दुखणं परवडलं.

कुठे दुखतं हे सगळ्यांनीच विचारलं होतं. गेल्या महिन्याभरात काय काय बदललं, हे फक्त तुम्ही विचारलंत. बूट नवे होते, टाचेला सपाट. रविवारी लळिंगचा चढ सुरू केला होता. शिवाय आठवड्यातून एकदा जोरात पळणं. तुम्ही माझा बूट टेबलावर ठेवून दाखवलंत: टाच खाली गेली की दर पावलाला पोटरीवर ताण वाढतो, चढावरही तेच होतं. एकेक गोष्ट पायाने सोसली असती, तिन्ही एकदम आल्या.

मग पायरीवर एका पायाने टाच उचलायला लावलीत. गुडघा सरळ ठेवून दोन्ही पाय बऱ्यापैकी चालले. मी जरा फुशारलोही. “आता गुडघा थोडा वाकवा,” तुम्ही म्हणालात, आणि डावा पाय लटपटायला लागला. टाच दोन बोटं उचलली जाईना. “सापडलं!” पोटरीत मुख्य स्नायू दोन. बाहेरून दिसते ती गॅस्ट्रोक्नेमियस, तिचा उगम गुडघ्याच्या वर. तिच्याखाली चपटी सोलियस, ती गुडघ्याखालून निघते. दोघी पुढे टाचेमागच्या एकाच दोरीसारख्या कंडरेला मिळतात. गुडघा वाकला की वरची सैल पडते आणि खालची उघडी पडते. लांब पल्ल्याच्या संथ धावण्यात तीच जास्त राबते, दर पावलाला अंगाच्या वजनाच्या सहा-आठ पट ओढ घेते. आरामाने दुखापत भरते, पण ताकद येत नाही, उलट घटते. दुखणं फिरून का येत होतं, हे मला तेव्हा कुठे कळलं.

औषध म्हणून तुम्ही 20 किलो दादर ज्वारी दिलीत! म्हणजे गोणी आमच्याच घरातली. खुर्चीवर बसायचं, पावलांचे चवडे विटेवर, गोणी गुडघ्यांवर, आणि टाचा सावकाश वर, तीन मोजत खाली. एक दिवस आड. बायको विचारायची, “ही ज्वारी दळायची आहे की नुसती नाचवायची?” दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे, तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी पाय पहिल्यासारखा हवा, नाहीतर वजन कमी. धावणं मिनिटभर, चालणं मिनिटभर, तिथून पुढे हळूहळू. कधी बरा होईन विचारलं तर तारीख दिली नाहीत. तेव्हा राग आला होता, आज पटतं. मशीन लावलं नाहीत, पट्टा विकला नाहीत, आणि पोटरी एकदाही चोळली नाहीत.

तरी खरे आभार दुसऱ्याच गोष्टीचे आहेत. आमच्यातला एक जण ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर. रात्र-रात्र सीटवर बसून. त्याची एक पोटरी दुखायला लागली आणि आम्ही सगळे झालो डॉक्टर: “तुलाही तेच झालंय, गोणी घे.” मी त्याला तुमच्याकडे आणला, तो व्यायाम लिहून घ्यायलाच. तुम्ही दोन्ही पाय शेजारी ठेवलेत, हात लावून पाहिलंत, दुखरा पाय गरम लागत होता. टेप काढून गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजलात. फरक 3 सेंटिमीटरहून जास्त. “चोळायचं नाही, व्यायाम नाही, आत्ताच्या आत्ता कलर डॉप्लर.” म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी गाठायची, हेही तुम्ही त्याला बजावलंत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, तो आज पुन्हा गाडीवर आहे, आणि वाटेत थांबून पाय मोकळे करतो. मावशीला आम्ही हे सगळं समजावून सांगितलं. ती आता कुणाचीही पोटरी हातात घेण्याआधी “सुजेल शे का?” विचारते.

मी सध्या लळिंगपर्यंत जाऊन येतो, जमेल त्या वेगाने. पोटरी आवळायला लागली की निमूट चालतो.

आता एक मागणं. मैदानावर भरतीची पोरं-पोरी बघवत नाहीत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण धावण्याचे, मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. म्हणून रोज उठून जीव तोडून पळतात, पाय दुखले की गोळी खाऊन पुन्हा पळतात. फिजिओची फी त्यांना कुठून परवडणार? महिन्यातून एखाद्या रविवारी तासभर आलात तर त्यांना गोळा करायचं काम आमचं. पायऱ्या मैदानाला आहेतच. आणि थंडीत भरताची वांगी आली की शेतात भरीत करू, तेव्हा नाही म्हणायचं नाही. कळण्याच्या भाकरी मावशी करणार आहे.

आपला,
डाव्या पोटरीचा भाऊ, धुळे