ते टांगे नव्हेत

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्याचा जुना फोटो छापलात तो आमच्या गल्लीत दोन दिवस हातोहात फिरतोय. खाली लिहिलंय, '१९०० सालचं ब्रायटन, पांढरी वाळू आणि टांगा स्टँड'. राग मानू नका, पण यातलं ब्रायटन तेवढं बरोबर आहे.

टांगे वाटतात त्या चाकांवरच्या लाकडी खोल्या आहेत. बाई अंगभर कपड्यात आत शिरायची, घोडा ती खोली पाण्यात ओढत न्यायचा, तोवर आत कपडे बदलून ती समुद्राकडच्या दारानं पायऱ्या उतरून थेट पाण्यात, म्हणजे किनाऱ्यावरच्यांना काही दिसायला नको. आमच्या घरातल्या बायका वेंगुर्ल्याला साडीनंच पाण्यात शिरतात आणि तशाच ओल्या अंगानं ट्रॅक्स गाडीत बसतात, सीटची वाट लागते ते वेगळंच.

वाळू पण नाही ती. ब्रायटनला सगळे गोटेच, आपल्या मार्कंडेय नदीत असतात तसले.

आता साल. समुद्रात शिरलेला लोखंडी धक्का दिसतो तो वेस्ट पिअर, १८६६ ला उघडला, टोकावरचा मोठा पॅव्हेलियन, म्हणजे करमणुकीचा हॉल, १८९३ ला झाला. फोटोत टोक मोकळंच आहे की! आणि लांब मागं साखळ्यांवर टांगलेला जुना चेन पिअर पण उभा आहे, तो तर १८९६ च्या डिसेंबरात वादळानं गेला. मग १९०० कुठनं आलं?

आमचे एक शेजारी म्हणाले, किनाऱ्यावर माणसंच नाहीत, इंग्रज पाण्याला भीत असणार. अहो, तेव्हा फोटो काचेवर घ्यायचे, आणि बऱ्याच फोटोंना कॅमेऱ्यातली ती काच कितीतरी सेकंद उघडी ठेवायला लागायची, त्यात जो हलला तो पुसला गेला. भिंग घेऊन बघा, पाण्याकडेला धुरासारखे डाग आहेत, ती पळणारी पोरं असणार, आणि छत्री घेऊन बसलेली म्हातारी मात्र स्पष्ट आलीय. आभाळ कोरं दिसतं ते पण त्या काचेमुळंच, निळा रंग ती जास्तच पकडायची, म्हणून ढग नाहीत.

एक विनंती, फोटोची खालची कड कापू नका. त्या काळच्या फ्रिथसारख्या फोटो विकणाऱ्या कंपन्या कोपऱ्यात नंबर आणि गावाचं नाव घालायच्या, तुमच्या फोटोत तिथं अर्धा आकडा उरलाय.

आपला,
एक जुना वाचक, शहापूर, बेळगाव