फोंड्यातील चेलोच्या एकल मैफिलीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या मंडळाच्या कार्यालयात कपाटाच्या आडोशाला एक जुना चेलो (व्हायोलिनच्या कुळातले, पण मोठे आणि खालच्या सुरांचे वाद्य) ठेवलेला आहे. एका कुटुंबाने घर विकताना तो आमच्या हवाली केला. गेल्या पावसाळ्यात त्याची कडेची सांध उकलली, तारा सैल पडल्या, घोडी निसटली. आता तो उचलून जरा तिरका केला की आत काहीतरी खडखडते. वरच्या आणि खालच्या पाटीमध्ये उभी राहणारी ती करंगळीएवढी लाकडी कांडी. फ्रेंच लोक तिला ‘आत्मा’ म्हणतात. तारांच्या दाबावर ती उभी असते, तारा सुटल्या की पडते, आणि ती पडली की वाद्य मुके होते.

दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे मुले व्हायोलिन शिकतात. चांगली वाजवतात. पण सगळी मिळून वाजवू लागली की सूर सगळे वरचेच, खाली आधाराला काही नाही. चेलो कोण शिकेल, असे विचारले तेव्हा एका मुलीने विचारले, “तो बसून वाजवतात की उभ्याने?” तिने चेलो प्रत्यक्ष कधी पाहिलेलाच नव्हता, त्यात तिचा काय दोष? त्याच दिवशी ठरले, या मुलांना चेलो समोर बसवून, दहा हातांवरून ऐकवायचा.

मूळच्या गोमंतकीय, युरोपात शिकून सध्या मुंबईत असलेल्या एका तरुण चेलोवादक बाईंनी येण्याचे मान्य केले आहे. बिदागी घेणार नाही, उलट दोन सकाळी मुलांना शिकवीन, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. मैफल डिसेंबरात, नाताळाच्या आधी होईल.

सुरुवात जर्मन संगीतकार बाखच्या पहिल्या ‘स्वीट’ने, म्हणजे नृत्यांवर बेतलेल्या छोट्या तुकड्यांच्या मालिकेने. साथीशिवायच्या एकट्या चेलोसाठी त्याने अशा सहा रचना केल्या, साधारण १७२० च्या सुमारास. त्याच्या हातचे हस्तलिखित हरवले. पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल उरली. पुढे १८९० मध्ये बार्सिलोनातल्या एका दुकानात तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला, पुढे नामांकित चेलोवादक झालेल्या मुलाला, या रचनांची छापील प्रत सापडली. त्याने बारा वर्षे घरी रियाज केला आणि मगच त्या लोकांपुढे वाजवल्या. आपल्याकडच्या कानांना यातले काहीच परके वाटणार नाही. पहिल्या प्रेल्यूडची, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्याची, पहिली जागाच पाहा: खालून दुसरी उघडी (बोट न दाबता वाजणारी) तार षड्ज धरली, तर पुढची उघडी तार पंचम, आणि त्यावर वरचा गंधार. तंबोऱ्यापाशी बसून वाढलेल्या माणसाला ती पहिली मात्रा लगेच ओळखीची वाटते.

मग हंगेरियन संगीतकार लिगेतीचा सोनाटा, म्हणजे दोन भागांची वाद्यरचना. त्याचा पहिला भाग १९४८ चा, दुसरा १९५३ चा. हंगेरीतल्या तेव्हाच्या संगीतकार संघाने त्याच्या जाहीर वादनाला परवानगी दिली नाही. पहिल्या भागाच्या सुरुवातीला गज न वापरता तारा बोटाने छेडतात आणि तो सूर घसरत पुढच्या सुरावर नेतात. मींड ऐकणाऱ्याला ती जागा हमखास भावेल. शेवटी फिनलंडच्या संगीतकार काया सारिआहो यांची २००० सालची ‘सात फुलपाखरे’. गज घोडीच्या अगदी जवळ फिरतो आणि कुजबुजीइतका बारीक आवाज निघतो. त्यासाठी सभागृहातले पंखे बंद ठेवावे लागतील, मायक्रोफोन नसेल. डिसेंबर निवडला तो यासाठीच.

हे संगीत बाहेरून आणून लादलेले नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले. तिथून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे ताफे उभे केले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य संगीत एकत्र आणणारा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. गायिका केसरबाई केरकर ज्या केरीच्या, ती याच तालुक्यात. दोन्ही परंपरा एकाच मातीत वाढल्या, पण आमच्या मुलांना त्या क्वचितच एका व्यासपीठावर ऐकायला मिळतात.

आता खर्चाचे. एकूण ८५ हजार रुपये लागतील. चेलो सामानाच्या कप्प्यात टाकता येत नाही; त्याच्यासाठी विमानात वेगळी जागा घ्यावी लागते. सभागृहाचे भाडे आहे. आणि सगळ्यात मोठा भाग कार्यालयातल्या त्या चेलोचा: सांध चिकटवणे, कांडी व घोडी बसवणे, नव्या तारा आणि गजाला नवे केस. हे काम मुंबईच्या कारागिराकडेच द्यावे लागेल. आजवर ३१ हजार जमले आहेत. ५०० रुपये दिलेत तरी मोलाचे आहेत. जमा-खर्च मैफलीनंतर आठ दिवसांत कार्यालयाच्या फलकावर लावू.

पैशांखेरीज आणखी काही हवे आहे. वादक बाईंसाठी दोन रात्रींचा मुक्काम, जिथे वाद्य ठेवायला कोरडी खोली असेल आणि भिंतीला ओल नसेल. विमानतळावरून आणायला मागे मोकळी जागा असलेली गाडी. हात नसलेली, कडक बैठकीची साधी लाकडी खुर्ची. आणि एक सुतार. चेलोच्या बुडाचा लोखंडी खुंट लाद्यांवर घसरतो, म्हणून खळगा पाडलेली एक फळी करून हवी. माप आम्ही देऊ, लाकूड आमच्याकडे आहे.

विद्यार्थ्यांना प्रवेश विनामूल्य असेल आणि पहिल्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. देणगीची पावती कार्यालयात रोज संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत मिळेल. येताना शक्य असेल तर घरच्या मुलांना बरोबर आणा. चेलो तिथेच आहे, त्यांना हात लावून पाहता येईल.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, फोंडा