मार्चअखेर आणि फ्रीलान्सरची थकलेली बिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आली की कंपन्यांच्या अकाउंट्स विभागाला आम्हा फ्रीलान्सरांची बिले आठवू लागतात. एरवी ‘साहेब टूरवर आहेत’, ‘पीओ (खरेदीची ऑर्डर) निघालेली नाही’, ‘क्लायंटकडूनच आमचे पेमेंट अडकलेय’ ही उत्तरे ठरलेली. मी अनुवादाची कामे करते. मला यातले शेवटचे कारण सर्वांत अजब वाटते. नफ्यात वाटा न मागणाऱ्या माणसाने उधारीत मात्र भागीदार का व्हावे? जीएसटी नोंदणी असलेल्यांना तर हातात न आलेल्या पैशांवरचा कर आधी पदरचा भरावा लागतो.

२००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा फक्त कारखानदारांसाठी आहे, असा अनेकांचा समज दिसतो. सेवा देणारेही त्यात येतात. अनुवादक, डिझायनर, व्हिडिओ एडिटर यांना आधार आणि पॅनवर ‘उद्यम’ ही या कायद्याखालची सरकारी नोंदणी मोफत करता येते. ती असेल तर बिलाची मुदत लेखी ठरलेली नसताना १५ दिवसांत आणि ठरलेली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात ९० दिवस लिहून घेतले तरी ते चालत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम कंपनीला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्चमधल्या धावपळीचे गुपित बहुधा इथेच आहे!

मात्र नोंदणी काम घेण्यापूर्वीच करावी. पैसे बुडाल्यावर केलेली नोंदणी जुन्या बिलाला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. कामाची ऑर्डर आणि ‘फाइल मिळाली’ असे सांगणारा ईमेल जपून ठेवावा. कंपनीने टीडीएस कापून भरला असेल तर आयकर पोर्टलवर तो आपल्या नावे दिसतो. मग ‘बिल मान्यच नव्हते’ हा बचाव लंगडा पडतो.

तरीही तक्रार कोण करतो? पुढचे काम जाईल ही धास्ती असतेच, आणि वीस-पंचवीस हजारांसाठी वकील परवडत नाही. गप्प बसण्यात तीन वर्षे गेली की दिवाणी दाव्याची मुदतही टळते. थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असे हाच कायदा सांगतो, पण तारखा लांबत राहतात. कंपनीला निकालाला आव्हान द्यायचे तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ही तरतूद उत्तम आहे, पण तिचा उपयोग निकाल लागल्यावरच.

राज्याच्या उद्योग विभागाने एक लाखापर्यंतच्या बिलांसाठी परिषदेत स्वतंत्र, पूर्णपणे ऑनलाइन सुनावणी सुरू करावी, तीही मराठीतून. आणि सरकारी खात्यांनीही आपल्याकडे थकलेली मानधनाची बिले याच ४५ दिवसांच्या फूटपट्टीने एकदा तपासून पाहावीत.

आपली,
एक वाचक, पुणे