बोट आईकडेच का?

संपादक महोदय,

मूल अंगाने सुटले की 'लाड फार करतेस' हे आईलाच ऐकावे लागते. वजनकाट्यावर उभ्या लेकराशेजारी मान खाली घातलेली आई मी पाहिली आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये बाळंत होणाऱ्या १४ हजारांहून अधिक गर्भवतींना सामील करून एक अभ्यास सुरू झाला. त्यांच्या मुलांचा पाठपुरावा आजही चालू आहे. २००५ मध्ये त्यातून दिसले, की सातव्या वर्षीच्या लठ्ठपणाशी जन्माचे वजन, पहिल्या वर्षातील वजनवाढ, आईवडिलांचा लठ्ठपणा आणि तिसऱ्या वर्षी साडेदहा तासांहून कमी झोप निगडित आहे. झोप! तिच्याबद्दल कुणी विचारतही नाही. बालतपासणीत वजनासोबत झोपेचे तासही नोंदवा, आणि अशा संशोधनाचा निधी मध्येच तोडू नका.

– एक वाचक