एआयलाही हे जमणार नाही, दुरुस्ती छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालचा एआयवरचा लेख वाचून राहवलं नाही. कुठलाही प्रोग्रॅम संपणार की अडकून फिरत बसणार हे एआय लवकरच आधीच सांगेल म्हणे! अहो, सगळ्या प्रोग्रॅमना लागू पडेल असा तपासनीस बनूच शकत नाही हे ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९३६ सालीच सिद्ध केलंय. असा तपासनीस आहे असं धरा, मग मी त्यालाच आत घालून एक प्रोग्रॅम लिहितो, तो आधी विचारणार 'मी थांबेन का', उत्तर 'हो' आलं की फिरत बसणार, 'नाही' आलं की लगेच थांबणार. तपासनीस काहीही बोलला तरी चुकलाच. यात प्रोसेसर किती फास्ट याचा संबंधच येत नाही.

मला हे इतकं लागायचं कारण आहे. मी इंजिनीअरिंगला हाच विषय शिकवायचो. एका वर्षी पेपरात चूक की बरोबर मध्ये आलं, 'पुरेसा वेगवान कम्प्युटर मिळाला तर हॉल्टिंग प्रॉब्लेम सुटेल' (म्हणजे प्रोग्रॅम थांबणार की नाही, हाच वरचा प्रश्न), आणि मॉडेल आन्सरमध्ये 'बरोबर'! ज्या पोरांनी नीट अभ्यास करून 'चूक' लिहिलं त्यांचेच मार्क गेले. मी पुरावा जोडून अर्ज दिला, जाऊन भेटलो, तर 'सर, दोन मार्कांसाठी कशाला एवढं'. पोरांनी रिव्हॅल्युएशनचे पैसे भरले, पेपर परत त्याच चुकीच्या उत्तरावरून तपासले. एका मुलीचा फर्स्ट क्लास त्यात गेला, तिच्या वडिलांना काय सांगायचं मला कळेना. अजून राग येतो.

लेखातलं सगळंच चूक आहे असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या टर्मिनेटर टूलने ड्रायव्हरमधले (उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रॅममधले) लूप, म्हणजे परत परत चालणारे भाग, संपतात हे सिद्ध करून दाखवलं होतं, पण अशा टूलला 'सांगता येत नाही' म्हणायची मुभा असते, आणि तेच तुम्ही गाळलंत. दोनच चिन्हं वापरणारी पाच स्टेटची (अवस्थांची) इवलीशी ट्युरिंग मशीन, म्हणजे टेपवर चिन्हं वाचत-लिहीत चालणारी काल्पनिक यंत्रं घ्या, कोऱ्या टेपवर सुरू केलं तर त्यातलं थांबणारं मशीन जास्तीत जास्त ४,७१,७६,८७० पावलं चालतं हे पक्कं व्हायला २०२४ उजाडलं! प्रश्न १९६२ पासूनचा.

आणि रविवारचं विज्ञानाचं पान अर्ध्यावर आणलंत, उरलेल्या अर्ध्यात फ्लॅटच्या जाहिराती, त्याबद्दलही वाचकांना एका ओळीने सांगितलं नाहीत.

दुरुस्ती जिथे लेख होता त्याच पानावर छापा, आतल्या कोपऱ्यात नको. ही कात्रणं मुलं परीक्षेसाठी जपून ठेवतात.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली