कॅटॅलिस्ट किती तास चालला, हेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने तुमच्या पेपरात ग्रीन हायड्रोजन (सौर-पवनविजेने पाण्यापासून काढलेला), मिथेनॉल, विमानांचं नवीन इंधन या विषयांवर बऱ्याच बातम्या येतायत, त्या मी आवर्जून वाचतो. मी केमिकल इंजिनियर, सगळी नोकरी रिफायनरीत डिझेलमधलं सल्फर काढणाऱ्या युनिटवर झाली, त्यामुळे विषय जवळचा आहे. पण या बातम्यांमध्ये एक गोष्ट नेहमी राहून जाते आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून हे पत्र.

अमुक संस्थेने कार्बन डायऑक्साईडपासून इंधन बनवणारा नवा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) शोधला, तमुक टक्के कन्व्हर्जन मिळालं, म्हणजे तेवढा गॅस बदलला, इथपर्यंत बातमी असते. तो कॅटॅलिस्ट किती तास चालला हे कुठेच नसतं. पहिल्या दिवशी सगळेच कॅटॅलिस्ट हुशार असतात हो. शाळेत आपण शिकलो की उत्प्रेरक रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवतो आणि स्वतः खर्च होत नाही, पुस्तकापुरतं ते ठीक आहे पण प्लांटमध्ये तो म्हातारा होतो, त्याच्यावर कार्बन बसतो, फीडमधून, म्हणजे आत सोडलेल्या तेलातून येणारे निकेल, व्हॅनेडियम, सिलिकॉन त्याची छिद्रं बुजवतात, आणि मग तेवढंच काम करून घ्यायला आम्हाला रिअ‍ॅक्टरचं टेंपरेचर एकेक डिग्री वाढवत न्यावं लागतं. वाढवत वाढवत मर्यादा आली की शटडाऊन.

१ एप्रिल २०२० ला देशात गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-६ नियम लागू झाले, डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० वर आलं. लोकांना वाटतं नवीन इंजिनं आली, झालं. इंजिनं आलीच, पण १० पीपीएमचं डिझेल रोज मिळतं ते रिअ‍ॅक्टरमधल्या कोबाल्ट-मॉलिब्डेनम नाहीतर निकेल-मॉलिब्डेनमच्या बारीक कांड्यांमुळे. जेमतेम दीड मिलीमीटर जाडीच्या, अ‍ॅल्युमिनाच्या, आणि त्यांचा क्रॉस सेक्शन तीन पाकळ्यांचा, म्हणजे तेलाला आत शिरायला बाहेरून जागा जास्त मिळते. लोडिंगच्या वेळी ते काम बघण्यासारखं असतं. जुना कॅटॅलिस्ट काढताना आत नायट्रोजन ठेवायचा, कारण हवा लागली की तो आपोआप तापून धुमसायला लागतो, त्यामुळे आत उतरणारा माणूस बाहेरून नळीने येणाऱ्या हवेवर श्वास घेत काम करतो आणि वर मॅनहोलपाशी एक जण डोळ्यात तेल घालून उभा. नवा माल वरून कापडी नळीतून सोडायचा, उंचावरून पडला तर कांड्या तुटतात, भुगा होतो, प्रेशर ड्रॉप वाढतो म्हणजे तेल ढकलायला जास्त दाब लागतो, आणि थर कुठे सैल कुठे घट्ट बसला तर तेल सैल जागेतूनच वाट काढतं, उरलेला कॅटॅलिस्ट नुसता बसून राहतो आणि मध्येच कुठेतरी हॉट स्पॉट तयार होतो. मग सल्फायडिंग, म्हणजे गंधकाचं केमिकल सोडून कॅटॅलिस्ट कामाला तयार करायचा, त्या केमिकलचा कुजक्या लसणासारखा वास घरी गेल्यावरही कपड्यांना येतो. एवढं सगळं केल्यावर तो माल दोन-तीन वर्षं चालणार अशी अपेक्षा असते.

आता याच्या शेजारी लॅबमधला प्रयोग ठेवून बघा. एक ग्रॅम पावडर, सिलेंडरमधला शुद्ध गॅस, दहा-वीस तास. यात रिसर्च करणाऱ्या मुलांचा दोष अजिबात नाही, त्यांच्या हातात तेवढंच असतं, प्रोजेक्ट तीन वर्षांचं, फेलोशिप संपत आलेली, पेपर निघायला हवेत. पण प्लांटला लागणारे प्रश्न वेगळेच. पावडरची गोळी किंवा कांडी कशी करायची, बाइंडर, म्हणजे पावडर धरून ठेवणारा पदार्थ, कोणता घालायचा, तो घातल्यावर अ‍ॅक्टिव्हिटी किती पडते, खालच्या थरावर वरचं वजन आल्यावर ती चिरडते का, गॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाईड आला तर काय. यावर वर्ष घालवलं तर मोठ्या जर्नलमध्ये कुणी विचारत नाही.

मिथेनॉलचंच उदाहरण घ्या. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९६६ मध्ये तांबं आणि झिंक ऑक्साईडच्या कॅटॅलिस्टवर कमी प्रेशरचा प्लांट चालवला आणि आजही जगभर साधारण त्याच घराण्यातला कॅटॅलिस्ट वापरतात. आता कार्बन मोनॉक्साईडऐवजी थेट कार्बन डायऑक्साईड आणि हायड्रोजनपासून मिथेनॉल करायचं म्हटलं की प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू तयार होतो, आणि ते पाणी, त्यात टेंपरेचर, यामुळे तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होत जातात, पृष्ठभाग कमी होतो आणि कॅटॅलिस्ट निकामी होतो. पहिल्या दहा तासांत हे दिसतच नाही! अशक्य आहे असंही नाही, आइसलँडमध्ये भूऔष्णिक केंद्रातून निघणारा कार्बन डायऑक्साईड वापरून वर्षाला ४००० टन क्षमतेचा प्लांट उभा राहिलाच, नोबेल मिळवणारे जॉर्ज ओला यांचं नाव त्याला दिलंय. पण ते एका पेपरने झालेलं नाही, पायलट म्हणजे चाचणीपुरता प्लांट, मग छोटा प्लांट, मग मोठा, असं करत झालं.

अमोनियाची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. १९०९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रित्झ हाबरने नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून दाखवले ते ऑस्मियम धातू वापरून, आणि ऑस्मियम जगात चिमूटभर. बीएएसएफ या जर्मन कंपनीत आल्विन मिटाश आणि त्यांच्या माणसांनी छोट्या छोट्या रिअ‍ॅक्टरमध्ये हजारो नमुने लावून बघितले, शेवटी स्वीडनच्या लोखंडाच्या खनिजातून धागा सापडला, त्यातल्या अशुद्धी कामाच्या निघाल्या, मग अ‍ॅल्युमिना आणि पोटॅश मुद्दाम घालून कॅटॅलिस्ट बनवला. १९१३ ला ओपाऊचा कारखाना सुरू झाला आणि आज आपल्या शेतात पडणारा, अमोनियापासून बनणारा युरिया त्याच लोखंडाच्या कॅटॅलिस्टच्या वारसावर चालतो. आज ग्रीन हायड्रोजनमध्ये अगदी तीच अडचण आहे, पीईएम इलेक्ट्रोलायझरला (विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या एका प्रकारच्या यंत्राला) इरिडियम लागतं, जगात वर्षाला सात-आठ टन निघतं, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून. त्याला पर्याय किंवा निदान त्याचा वापर खूप कमी करणं हे काम कुणीतरी मिटाशसारखं चिकाटीने करायला हवं, ते आपल्याकडे का होऊ नये?

आणि इथे पैशाचा मुद्दा येतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने ग्रीन हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर केले, त्यात इलेक्ट्रोलायझर आणि उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी १७,४९० कोटी, पायलट प्रोजेक्टसाठी १,४६६ कोटी आणि रिसर्चसाठी ४०० कोटी. म्हणजे रिसर्चला दोन टक्क्यांच्या आसपास. मिशन चांगलंच आहे, मी त्याच्या पूर्ण बाजूचा आहे, पण कॅटॅलिस्ट बाहेरून आणायचा आणि आपण त्याच्यावर हायड्रोजन काढायचा हे किती वर्षं करणार? मला वाटतं या रिसर्चच्या पैशातला मोठा वाटा फक्त लाँग रनसाठी, म्हणजे कॅटॅलिस्ट सलग शेकडो तास चालवून बघण्यासाठी, बाजूला काढायला हवा. दोन-तीन ठिकाणी रात्रंदिवस चालणाऱ्या टेस्ट रिग, शिफ्टमध्ये ऑपरेटर, कारखान्यातून आणलेला खरा, घाणेरडा गॅस, आणि देशातल्या कुठल्याही कॉलेजच्या पोराला आपला कॅटॅलिस्ट तिथे पाठवून हजार तास चालवून घेता आला पाहिजे.

माणसं आपल्याकडे आहेत हो, तीही दारात. पुण्यात पाषाणची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) १९५० पासून आहे, कॅटॅलिसिसमधलं तिचं नाव जुनं आहे, झिओलाईटवर (बारीक छिद्रांच्या खनिजासारख्या कॅटॅलिस्टवर) तिथे झालेलं काम देशातल्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये प्रत्यक्ष वापरलं गेलं, आणि अलीकडे मिथेनॉलपासून डीएमई (डायमिथाइल ईथर) बनवायचं कामही तिथे पायलट प्लांटपर्यंत गेलंय. डीएमई एलपीजीत मिसळता येतो आणि त्याच्या रेणूत कार्बनला कार्बन जोडलेलाच नाही, त्यामुळे जळताना काजळी जवळजवळ धरत नाही. मुंबईत माटुंग्याला आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), आमच्या पिढीची यूडीसीटी (विद्यापीठाचं केमिकल टेक्नॉलॉजी डिपार्टमेंट), तिथे कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या डॉ. गणपती यादव सरांनी घन आम्लांच्या कॅटॅलिस्टची एक मालिकाच तयार केली आणि तिला आपल्या डिपार्टमेंटचं नाव दिलं, यूडीकॅट. कार्बन डायऑक्साईडपासून मिथेनॉल आणि डीएमई हाही त्यांच्या कामाचा भाग. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बारावीला बसलेल्या किती मराठी मुलांना हे माहीत आहे? त्यांना कोडिंगच्या नोकऱ्यांची सगळी माहिती असते कारण पेपरात ती रोज येते.

म्हणून एवढीच विनंती. यापुढे नव्या कॅटॅलिस्टची बातमी आली की तुमच्या प्रतिनिधीने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात, किती तास चालला, शुद्ध गॅसवर की कारखान्यातल्या, आणि पावडर होती की गोळी. उत्तर दहा तास असलं तरी छापा, त्यात कमीपणा काही नाही, उलट पुढचे हजार तास चालवायला काय लागेल, किती खर्च येईल, कुठे अडलंय तेही त्याच बातमीत येऊ द्या. आणि शक्य झालं तर रविवारच्या पुरवणीत पाषाण आणि माटुंग्याच्या लॅबवर एक-एक पान द्या, फोटोसकट, आणि मुलाखत फक्त डायरेक्टरची नको, रात्री रिअ‍ॅक्टरपाशी बसणाऱ्या स्कॉलरचीही घ्या.

आपला,
एक निवृत्त केमिकल इंजिनियर,
डोंबिवली